पंक्चर कुठे होईल?

सायकलच्या दुकानात फ्रेमवर तासभर गप्पा मारता येतात. गिअर, ब्रेक, सीट, हँडलची टेप, अगदी बाटली अडकवायच्या स्टँडचा रंगसुद्धा निवडता येतो. ट्यूब मात्र कुणी दाखवत नाही. ती टायरच्या आत असते, फोटोत येत नाही. दुकानदार साइज विचारतो, मागच्या खोक्यातून एक डबी काढतो आणि काउंटरवर ठेवतो. रस्त्यावर आपलं वजन झेलते ती हवा, आणि ती हवा धरून ठेवते ही जेमतेम मिलिमीटरभर जाडीची पिशवी. तिच्यावर बोलायला कुणाला वेळ नसतो.

मी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहते. बिल्डिंगमधून निघालं की थोड्याच वेळात पूर्व द्रुतगती मार्ग लागतो, आमच्या भाषेत नुसता ‘हायवे’. तीन वर्षांपूर्वी मी एक सेकंडहँड रेसिंग सायकल घेतली. ॲल्युमिनियमची फ्रेम, रिम ब्रेक, ७०० बाय २५ चे टायर. ऑफिस दहाचं, म्हणून सायकलची वेळ एकच, पहाटे पाच ते सात. पाचला हायवे रिकामा नसतो, फक्त त्यावर चालणारी माणसं नसतात. ट्रक असतात, डंपर असतात, विमानतळ गाठायच्या घाईतल्या टॅक्स्या असतात. कांजूर-भांडुपकडे एका बाजूला मिठागरं आणि खारफुटी. तिथे त्या वेळी चहाची टपरीही उघडी नसते.

आईची अट साधी होती. “बंद पडलीस तर बाबा स्कूटरवर येऊ शकतील, तिथपर्यंतच जा.” बाबांच्या स्कूटरची हद्द म्हणजे मुलुंडचं ऐरोली जंक्शन. पहिले सहा महिने माझी सायकल तेवढीच धावली, जाऊन-येऊन बारा-तेरा किलोमीटर. पायात दम होता, पुढे रस्ता होता. पंक्चर झालं तर काय, याचं उत्तर नव्हतं. लोक ट्यूबचा अभ्यास वेगासाठी करतात. मी तो ती हद्द पुढे सरकवण्यासाठी सुरू केला.

*

ट्यूबमध्ये निवडायला असतं तरी काय? आज रेसिंग टायरसाठी तीन प्रकारच्या ट्यूब मिळतात आणि तिघींचे स्वभाव वेगळे आहेत.

पहिली काळी, आपल्या ओळखीची. तिचं रबर झाडाचं नसतं, ते पेट्रोलियमपासून बनतं. त्याचं नाव ब्युटाइल. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी बेलफास्टमध्ये मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर बसवले, तेव्हा आणि त्यानंतरची काही दशकं ट्यूब म्हणजे झाडाच्या चिकाचं रबर. १९३७ मध्ये अमेरिकेत ब्युटाइल तयार झालं. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया घेतला, तिथलं रबर दोस्त राष्ट्रांना मिळेना, आणि ट्यूबमध्ये ब्युटाइल शिरलं ते कायमचं. त्याचा मोठा गुण म्हणजे ते हवा सहजासहजी सोडत नाही. आठवडाभर सायकल गॅलरीत उभी राहिली तरी टायर चेपत नाही. रेसिंग साइजची साधी ब्युटाइल ट्यूब शंभर ग्रॅमच्या आसपास भरते. पातळ केलेली हलकी ट्यूब सत्तर-ऐंशी ग्रॅमची असते.

दुसरी लॅटेक्सची, म्हणजे पुन्हा झाडाच्या चिकाची. हाताला डॉक्टरांच्या हातमोज्यांसारखी लागते. ही वेगवान असते. टायर जमिनीला टेकतो तिथे तो आणि ट्यूब दोन्ही दाबले जातात, पुढे गेल्यावर पुन्हा फुगतात. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात हे होतं. दाबताना आपण दिलेली ताकद फुगताना किती परत मिळते, यावर वेग ठरतो. लॅटेक्स जवळजवळ सगळी परत करतं. ब्युटाइल बरीचशी खातं. ब्युटाइलचा चेंडू केला तर तो नीट टप्पाच घेत नाही, एवढं ते आळशी आहे. पण लॅटेक्स हवा धरत नाही. रात्री भरलेला टायर सकाळी मऊ झालेला असतो, रोज पंप मारावा लागतो. बसवताना चिकटू नये म्हणून टाल्कम पावडर लावावी लागते.

तिसरी अलीकडची, टीपीयू नावाच्या प्लॅस्टिकची. पारदर्शक किंवा रंगीत, चुरचुरणारी, घडी केली तर मुठीत मावणारी. वजन चाळीस ग्रॅमच्या आसपास, काही तर त्याहून कमी. हवा ठीक धरते आणि वेगात लॅटेक्सच्या जवळ जाते. किमतीत मात्र मोठा फरक. नावाजलेल्या परदेशी कंपनीच्या एका ट्यूबच्या पैशात माझ्या कित्येक काळ्या ट्यूब आल्या असत्या.

म्हणजे कागदावर निकाल लागलेला आहे. हलकी आणि वेगवान हवी तर टीपीयू, पैसे वाचवायचे तर ब्युटाइल. बहुतेक चर्चा इथेच संपते.

*

आमच्या घरात ती इथून सुरू झाली. रविवारी सोबत येणाऱ्या एका दादाने मला एक टीपीयू ट्यूब वापरून बघायला दिली होती. बाबांनी ती बोटांत धरली, उजेडात बघितली आणि विचारलं, “हिला पॅच लागतो का?”

बाबा तीस वर्षं सायकलवरून कंपनीत गेले. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, नाइट. त्यांच्या काळ्या सायकलची चाकं २८ बाय दीडची. माझ्या सातशेच्या चाकाहून नावाने नुसती वेगळी वाटतात, पण टायरची अदलाबदल होत नाही. व्हॉल्व्हही जुना, ज्यात धातूच्या दांडीवर रबराची बारीक नळी चढवलेली असते. ती नळी, म्हणजे त्यांची ‘वॉलट्यूब’, वितभर तुकडा करून ते शर्टाच्या खिशात पेनाशेजारी ठेवायचे. हवा गेली की आधी ती बदलायची, मग पंक्चर शोधायचं. त्यांच्या मागच्या चाकातल्या ट्यूबला अकरा पॅच होते. बारावा लागला तेव्हा त्यांनी ती बदलली, आणि जुनी फेकली नाही. तिच्या पट्ट्या कापून कॅरिअरवर डबा बांधायला वापरल्या.

तेव्हा त्यांचा प्रश्न हौशी नव्हता. मी तो घेऊन आमच्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांकडे गेले. चाचांचं दुकान म्हणजे एक पत्रा, एक कॉम्प्रेसर, पाण्याचं घमेलं आणि एक स्टूल. रिक्षा, स्कूटर, पाववाल्यांच्या आणि इडलीवाल्यांच्या सायकली, सगळ्यांचं पंक्चर तिथे निघतं. त्यांनी ट्यूब चोळून बघितली. “ये तो प्लास्टिक है, बेटा.” तरी गप्प बसतील ते चाचा कसले! दादाच्या एका मेलेल्या टीपीयू ट्यूबवर त्यांनी कानस फिरवली, सोल्युशन लावलं, पॅच ठोकला, हवा भरली. पॅच पापडासारखा उचलला गेला. कारण सरळ आहे. आपलं सोल्युशन रबराला धरतं, टीपीयू रबर नाही. तिच्यासाठी वेगळे पॅच मिळतात, तेही दुरुस्त होतं, पण ते पॅच तुमच्याजवळ असले तर. हायवेवरच्या कुठल्याही पत्र्याखाली ते मिळणार नाहीत.

चाचांनी ती ट्यूब ठेवून घेतली. “देखेंगे इसका कुछ,” म्हणाले. माझ्यासमोर काळ्या ट्यूबचं पंक्चर त्यांनी चार मिनिटांत काढलं. सांगत सांगत काढलं, हे महत्त्वाचं.

त्यांनी शिकवलेली एक गोष्ट इथे लिहिते, कारण ती कुठल्याही महाग ट्यूबपेक्षा उपयोगी आहे. ट्यूब बदलण्याआधी पंक्चर *कशाने* झालं ते शोधायचं. हायवेच्या कडेला फुटलेल्या ट्रकच्या टायरमधल्या पोलादी तारा पडलेल्या असतात, केसासारख्या बारीक. त्या टायरमधून आत शिरतात आणि बाहेरून दिसत नाहीत. नुसती ट्यूब बदललीत तर तीच तार पाच मिनिटांत नवी ट्यूब भोसकते. म्हणून टायर बसवतानाच टायरवरची छापील अक्षरं व्हॉल्व्हसमोर आणायची. मग ट्यूबचं भोक व्हॉल्व्हपासून जितकं लांब, तितक्याच अंतरावर टायरमध्ये तार असते. बोटाने हळू चाचपायचं, सापडते. शेजारीशेजारी दोन भोकं दिसली, सापाच्या दातांसारखी, तर तार शोधू नका. हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली. पावसाळ्यात पंक्चरं वाढतात, कारण ओल्या टायरला कच चिकटते आणि पाण्याने ओलं झालेलं रबर काच सहज कापते.

*

गेल्या हिवाळ्यात मी एका छोट्या हौशी शर्यतीत नाव दिलं. खोपोलीहून बोरघाट चढून खंडाळ्यापर्यंत. मराठी माणसाला सायकल शर्यत म्हटलं की हाच घाट आठवतो. मुंबई-पुणे शर्यतीत इथे सगळ्यांत आधी वर पोचणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. काही वेळा त्या राजाचं नाव शर्यत जिंकणाऱ्याहून जास्त लक्षात राहतं. जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर, अशी त्याची कथा. गाडीवाले अजून तिथे नाणं टाकून पुढे जातात.

शर्यत म्हटल्यावर ट्यूबचा प्रश्न पुन्हा उठला. या वेळी वेगासाठी. दादा म्हणाला, “घाटात प्रत्येक ग्रॅम लागतो.” मी वही घेऊन बसले.

दोन साध्या ट्यूबच्या जागी दोन टीपीयू घातल्या तर साधारण १२० ग्रॅम वाचतात. चढ धरला पाचशे मीटरचा. १२० ग्रॅम पाचशे मीटर वर न्यायला सहाशे ज्यूलच्या आत ऊर्जा लागते. माझे पाय तासभर टिकवून दीडशे वॉट देतात, म्हणजे सेकंदाला दीडशे ज्यूल. भागाकार केला. चार सेकंद.

आता वेगाचा हिशोब. चांगली लॅटेक्स किंवा टीपीयू ट्यूब सपाट रस्त्यावर तिशीच्या वेगाने एका चाकामागे दोनएक वॉट वाचवते. घाटात माझा वेग निम्मा, म्हणून बचतही निम्मी, दोन्ही चाकं मिळून दोनएक वॉट. चाळीस मिनिटांच्या चढात तीसेक सेकंद.

तिसरा आकडा मी माझ्या डायरीतून काढला. आधीच्या वर्षात २६०० किलोमीटर, पाच पंक्चरं. म्हणजे सरासरी पाचशे किलोमीटरला एक. खोपोलीचा चढ छोटा आहे, तिथे पंक्चर होण्याची शक्यता पन्नासात एकही नाही. पण झालंच तर? घरी सरावात पहिल्यांदा ट्यूब बदलायला मला पंचवीस मिनिटं लागली होती. आता नऊ लागतात.

चार सेकंद, तीस सेकंद, सोळा मिनिटं. शेवटचे सोळा मी विकत घेतले नव्हते. गॅलरीत, आईने वाळत घातलेल्या कपड्यांखाली बसून, चाक काढून-घालून मिळवले होते.

वहीतला हिशोब इथे थांबला असता तरी मी अडखळले असते, कारण तीस सेकंद फुकट सोडवत नाहीत. निर्णय शेवटी उताराने केला. शर्यत वर संपते, पण सायकलने खालीही यायचं असतं. माझे ब्रेक रिमवर घासतात. लांब उतारावर सतत ब्रेक धरला की रिम तापते, आणि रिमच्या आत ट्यूब असते. ब्युटाइल ती उष्णता बऱ्यापैकी सहन करतं. लॅटेक्सचं तसं नाही. काही टीपीयू ट्यूबच्या डबीवर तर कंपनी स्पष्ट लिहिते, फक्त डिस्क ब्रेकसाठी. खंडाळ्याहून उतरताना पुढची ट्यूब वितळून फुटावी, एवढे तीस सेकंद मोलाचे नाहीत. मी हलक्या ब्युटाइल ट्यूब घातल्या आणि नवे ब्रेक पॅड घेतले.

बेचाळीस मिनिटं लागली. पंक्चर झालं नाही. राणीबिणी कुणी म्हटलं नाही, पण शिंग्रोबाला नाणं टाकायला थांबले नाही, एवढी मी घाईत होते.

*

टीव्हीवरच्या शर्यती बघून ट्यूब निवडणाऱ्यांना एक गोष्ट लक्षात आणून द्यावीशी वाटते. व्यावसायिक शर्यतीत आज बहुतेक जण ट्यूबलेस वापरतात, आत चिकासारखं सीलंट, जे छोटी भोकं आपोआप बुजवतं. त्याआधीची कितीतरी दशकं ट्यूबलर चालायचे. ट्यूब टायरच्या आत शिवून टाकलेली आणि अख्खा टायर रिमला डिंकाने चिकटवलेला. शंभर वर्षांपूर्वीच्या फोटोंत युरोपातले रेसर सुटा टायर खांद्यांवरून जानव्यासारखा तिरका घालून चाललेले दिसतात. कारण तेव्हा आपलं पंक्चर आपणच काढायचं असे. आता त्यांच्या मागे टीमची गाडी असते. हात वर केला की मेकॅनिक धावत येतो आणि काही सेकंदांत अख्खं चाक बदलून देतो. त्यांनी सगळ्यांत नाजूक, सगळ्यांत वेगवान वस्तू वापरली तरी चालतं.

त्यांच्या मागे गाडी असते. माझ्या मागे डंपर असतो.

ऐरोली पुलावर एका रविवारी एक मुलगा भेटला. कार्बनची उंच रिम, आत महाग ट्यूब, पंक्चर. खिशातली जादा ट्यूब आधीच वापरून झालेली. आम्ही चौघं थांबलो, चौघांकडे ट्यूब होत्या, एकही चालेना. त्याची रिम पन्नास मिलिमीटर खोल, आमच्या ट्यूबचे व्हॉल्व्ह अठ्ठेचाळीसचे. आत घातला तर टोक बाहेर येतच नव्हतं, पंप लावायचा कुठे? शेवटी तो टेंपोत सायकल टाकून गेला. ट्यूब घेताना लोक वजन वाचतात. डबीवरचे बाकीचे आकडे आधी वाचावेत. ७०० म्हणजे चाकाचं माप. त्यापुढे १८-२५ किंवा २५-३२ म्हणजे किती रुंद टायरला ती चालते. आणि व्हॉल्व्हची लांबी रिमच्या खोलीपेक्षा किमान पंधरा-वीस मिलिमीटर जास्त हवी. व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा म्हणतात तो, की स्कूटरसारखा जाड, तेही बघायचं. प्रेस्टाच्या भोकात जाड व्हॉल्व्ह जातच नाही. प्रेस्टा असेल तर पितळेचा छोटा ॲडॅप्टर खिशात ठेवावा. तो लावला की चाचांच्या कॉम्प्रेसरनेही हवा भरता येते.

माझ्या सीटखालच्या पिशवीत आता हे असतं. दोन टायर लिव्हर, ॲडॅप्टर, पॅच आणि सोल्युशनची छोटी ट्यूब, एक काळी ट्यूब जुन्या मोज्यात गुंडाळून, म्हणजे घासून भोक पडत नाही. दादाने दिलेली टीपीयूही असते, दुसरी जादा म्हणून. त्या कामाला ती खरंच उत्तम आहे, वजन नाही, जागा नाही. घरी न्यायला पुरेल. उतारावर तापवायला नको.

हद्द तेव्हाच सरकली होती, हे सांगायचं राहिलं. सरावात मला दहा मिनिटांच्या आत ट्यूब बदलता यायला लागली, त्या आठवड्यात मी आईला गॅलरीत बसवलं आणि तिच्यासमोर बदलून दाखवली. फोनवर तिनेच वेळ लावली होती. नऊ मिनिटं चाळीस सेकंद. ती काही बोलली नाही. चाकाला हात लावून बघितला, आणि पुढच्या रविवारी मी ऐरोली पूल ओलांडून पाम बीच रस्त्याने बेलापूरला गेले. त्यानंतर पहाटे पाच चाळीसला, भांडुपच्या मिठागरांपाशी, एकदा खरंच पंक्चर झालं. मी दिव्याच्या खांबाखाली सायकल उलटी केली, तार शोधली, ट्यूब बदलली. एक टँकर हळू झाला, ड्रायव्हरने खिडकीतून बघितलं, मी पंप दाखवला. तो निघून गेला. हात थरथरत होते, पण पंप चालवता येण्याइतके ठीक होते. घरी फोन करावा लागला नाही.

परवा खालच्या मजल्यावरची अकरावीतली मुलगी आली. तिने नवी सायकल घेतली आहे. तिच्या हातात फोन, फोनवर तीन ट्यूबचे फोटो, काळी, गुलाबी, पारदर्शक.

“ताई, यातली कुठली घेऊ?”

मी तिला आधी विचारलं, “तुला किती लांब जायचंय?” मग आम्ही दोघी गॅलरीत बसलो आणि तिला चाक काढायला सांगितलं.